पोंगेमर ज्वारीची, शिक्षा गायरानाला

गेल्या फाल्गुनांत आमच्या बाजूच्या एका गांवीं चावडीवर कांहीं जाणते शेतकरी जमले असतां एक सूचना निघाली. मागील दोन खरिपांत ज्वारीला व मक्याला पोंगेमरीचा उपद्रव फार झाला. पावसाळ्यांत संध्याकाळीं गायरानांतून चालत गेलें म्हणजे पायांखालून फिकट पिवळे बारीक पतंग भुरभुर उडतात. तेव्हां किडीचें माहेर तें गायरानच होय. सबब त्या माळास व त्यामागील डोंगराच्या उतारास एकदां आग लावून द्यावी, आणि पुढें जमल्यास माळ नांगरून पिकाखालीं आणावा, अशी ती सूचना होती. बहुतेकांनीं माना डोलावल्या. प्रस्तुत लेखकही तेथें बसलेला होता. त्यानें त्या वेळीं तोंड उघडलें नाहीं, हा त्याचा दोष. तो या लेखानें थोडासा तरी फेडावा, असा हेतु आहे.

त्या वर्षीं फाल्गुनअखेर अवकाळी पाऊस आला, गवत भिजलें आणि बेत आपोआप बारगळला. परंतु बेत बारगळला म्हणजे विचार मेला असें नाहीं. फाल्गुन दर वर्षीं येतो, आणि अशींच बोलणीं आसपासच्या दुसऱ्या गांवींही ऐकूं येतात. माझें मत असें आहे कीं, ही सूचना किडीच्या दृष्टीनें निरुपयोगी, गुरांच्या दृष्टीनें घातक आणि महसुली कायद्याच्या दृष्टीनें न टिकणारी आहे. तिन्ही गोष्टींचा खुलासा क्रमानें करितों.

गायरानांत उडणाऱ्या पतंगाकडे पुष्कळांनीं पाहिलें असेल, परंतु थांबून फारच थोड्यांनीं. तो उडतो तो दोन-चार हात, आणि लगेच काडीवर बसतो. बसतांना पंख पसरीत नाहीं. ते अंगाभोंवतीं गुंडाळून घेतो व काडीला लागून राहतो, त्यामुळें वाळलेल्या गवताची ढलपी चिकटली आहे कीं काय असें वाटतें. डोक्यापुढें चोंचीसारखें टोंक आलेलें दिसतें. गवतपतंगांच्या कुळाची ही ओळख होय. या कुळाच्या हजारों जाती पृथ्वीवर आहेत. हिमालयाच्या उंच कुरणांपासून युरोपांतील आल्प्स पर्वताच्या माळांपर्यंत जेथें गवत तेथें त्यांची वस्ती आहे. त्यांपैकीं पुष्कळांच्या अळ्या गवताच्या बुडाशीं रेशमी नळी विणून तींत राहतात आणि तेथील पानें, बुडखे व मुळें कुरतडून पोट भरतात. ज्वारीच्या ताटाशीं त्यांना कर्तव्य नसतें. त्यांच्यावर तित्तिर, चंडोल पोसतात, रात्रीं वटवाघुळें पोसतात. गवत गेलें तर या पतंगांना दुसरें घर नाहीं, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पांखरांनाही नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाचें जें खरें आहे तें प्रथम मान्य करूं. ज्वारीच्या पोंग्यांत शिरणारा खोडकिडा हाही याच कुळांतला एक पतंग होय. त्याचें शास्त्रीय नांव कायलो पार्टेलस. चार्लस स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्यानें मुंबई व दख्खन येथील फुलपांखरें आणि पतंग यांविषयीं सन १८८५ मध्यें जो लेख प्रसिद्ध केला, त्यांत या जातीचें वर्णन आलें. हाच स्विन्हो सन १८८३ मध्यें स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीं एक होता. म्हणजे हा किडा कोठून परदेशांतून आलेला नाहीं; तो आपल्या दख्खनचाच, आपल्या ज्वारीइतकाच येथला रहिवासी आहे. रानगवतांच्या कांहीं जातींवरही तो जगतो. परंतु भाऊबंद चोर निघाला म्हणून सगळ्या वाड्याला आग लावावयाची, हा न्याय आपण माणसांत लावीत नाहीं. मग पतंगांत कां लावावा?

खोडकिड्याची जीवनकथा प्रत्येक शेतकऱ्यानें पाठ करून ठेवण्यासारखी आहे. मादी रात्रीं पानांच्या खालच्या अंगाला माशाच्या खवल्यांसारखीं एकावर एक चपटीं अंडीं घालते. चार-पांच दिवसांत तीं फुटतात. बारीक अळ्या पोंग्यांत उतरून कोंवळ्या पानांचा हिरवा भाग खरवडतात; तें पान उलगडलें म्हणजे त्यावर आधीं कांचेसारखे पारदर्शक डाग व पुढें ओळीनें भोंकें दिसतात. वाढणारा शेंडा तुटला कीं मधला पोंगा वाळतो, हीच पोंगेमर. ताट मोठें झालेलें असेल तर अळी पेरांत शिरून भुयार करिते, आणि कणसाच्या दांड्यापर्यंत पोंचली तर कणीस पोचट राहतें. अळीचें वय दोन ते चार आठवडे. मग ताटांतच कोश करून आठ-दहा दिवसांनीं पतंग बाहेर पडतो. साधारण महिना-सव्वा महिन्यांत एक पिढी पुरी होते, म्हणून एका हंगामांत दोन-तीन पिढ्या सहज निघतात.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पोंगा वाळला म्हणजे तो खोडकिडाच असें नाहीं. पेरणीपासून पहिल्या महिन्याच्या आंत जो पोंगा वाळतो, ओढतांच सहज हातांत येतो आणि ज्याच्या बुडाला कुजकट घाण येते, तें काम बहुधा खोडमाशीचें असतें. ती माशी आहे, पतंग नव्हे. तसेंच मक्याच्या पोंग्यांत भुशासारखी विष्ठा सांचून मोठालीं भोंकें पडलीं असतील तर ती लष्करी अळी असण्याचा संभव अधिक. ती अमेरिकेंतून निघून सन २०१८ मध्यें कर्नाटकांत प्रथम आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही पसरली. तिघांचे गुन्हे एकाच्या माथीं मारले तर उपाय चुकणारच. चावडीवरच्या त्या सभेंत कोणीं वाळलेलें एक ताट चिरून आणलें होतें काय? कोणींही नाहीं. पंचनामा न करितां निकाल दिला गेला.

मुख्य प्रश्न असा कीं, फाल्गुनांत हा शत्रु असतो कोठें? खरीप ज्वारी निघाल्यावर शेवटच्या पिढीच्या अळ्या कोश करीत नाहींत. त्या धसकटांच्या व कडब्याच्या पोकळींत निपचित पडून राहतात, आणि हिंवाळा-उन्हाळा तसाच काढून मृगाचा ओलावा आला म्हणजे पुन्हां हालचाल करूं लागतात. मग कोश, मग पतंग, आणि तोंवर आपली नवी ज्वारी वीतभर वर आलेली असतेच. अर्थात् फाल्गुनांत गायरान पेटविलें तर त्या आगींत खोडकिडा फारसा सांपडणार नाहीं. तो आपल्याच शेतांत व आपल्याच गंजींत सुखरूप निजलेला असेल. जळतील ते गरीब गवतपतंग, पांखरांचे आडोसे आणि गवताचें बीं.

हें मी पुस्तकांत वाचून सांगत नाहीं. माझ्याही थोड्या जमिनींत ज्वारी होते, आणि नोकरींत असतांना तिच्याकडे माझें लक्ष बेताचेंच असे. पोंगेमर झाली म्हणजे मीही बांधापलीकडील माळाकडे बोट दाखवीत असें. एका वैशाखांत आंब्याखालीं बसलों असतां सहज विळ्यानें जवळचीं धसकटें चिरूं लागलों. चार-पांच धसकटांमागें एखाद्यांत तरी मळकट रंगाची, तपकिरी डोक्याची जिवंत अळी निघूं लागली. मग गोठ्यामागच्या गंजींतील तळचा कडबा ओढून पाहिला. त्यांतही तोच प्रकार. ती गंज मागील वर्षाची होती, आणि आळसामुळें तिची कुट्टी व्हावयाची राहिली होती. त्या दिवशीं मला समजलें कीं, शेजाऱ्यांच्या ज्वारीवर मीच इतकीं वर्षें चोर पाळून सोडीत होतों. गायरान उगीच बदनाम होत होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, गवतावरही हा किडा जगतो असें तुम्हींच वर कबूल केलें. होय, परंतु कोणत्या गवतावर, हा भेद पाहिला पाहिजे. अळीला आंत राहावयास काडी जाड लागते. बांधाच्या कडेला व नाल्याच्या ओलीला रानज्वारीच्या जातीचें, बोटासारख्या काडीचें जें उंच गवत वाढतें व ज्याला कित्येक ठिकाणीं बरू म्हणतात, तें खरोखर संशयास्पद आहे, आणि तें ज्वारीच्या शेताला लागून असेल तर कापलेंच पाहिजे. परंतु गायरानांतील व डोंगरउतारावरील कुसळी, मारवेल, पवन्या यांच्या बारीक काड्यांत त्या अळीचा संसार चालणें कठीण. ज्याचा त्याग करावयाचा तें आपल्या बांधावर आहे. ज्याला जाळावयास निघालों तें निराळेंच आहे.

गवत हें किडीचें केवळ घर नसून सांपळाही होऊं शकतें, हें आफ्रिकेच्या अनुभवावरून दिसतें. आपला हा खोडकिडा सन १९३० च्या सुमारास आफ्रिकेंतील न्यासालँड, म्हणजे आजचा मलावी, या देशांत आढळला, आणि पुढें पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या मका-ज्वारीच्या मुलखांत पसरला. आपल्याकडे त्याच्यावर लक्ष ठेवणारे त्याचे वैरी होते, तेथें तसे नव्हते. म्हणून नुकसानही मोठें झालें. शेवटीं केनियांतील आंतरराष्ट्रीय कीटकसंशोधन संस्थेनें सन १९९३ मध्यें पाकिस्तानांतून एक बारीक गांधीलमाशी नेऊन तेथें सोडली. ही माशी अळीच्या शरीरांत अंडीं घालते, तिचीं पिलें अळीला आंतून खातात, आणि बाहेर पडून पांढऱ्या कापसासारखे कोश करितात. ती तेथें चांगली रुजली. ताटांत मेलेल्या अळीजवळ असे पांढरे कोश दिसले तर ते चिरडूं नयेत. तो आपला फुकटचा राखणदार आहे.

त्याच संस्थेनें इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील शास्त्रज्ञांबरोबर आणखी एक युक्ति बसविली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नांवाची द्विदल वनस्पति लावावयाची, तिच्या वासानें पतंग दूर राहतो. आणि शेताच्या चहूंबाजूंनीं नेपियर गवत लावावयाचें, त्याकडे तो ओढला जातो. मादी नेपियरवर अंडीं घालते खरी, परंतु अळी काडींत शिरूं लागली कीं त्या गवतांतून चिकट रस पाझरतो व बहुतेक अळ्या त्यांत मरतात. शिवाय गुरांना वैरण मिळते ती निराळीच. केनियांतील हजारों लहान शेतकरी या रीतीनें मका पिकवितात. आपल्याकडील पाऊसमान व जमीन निराळी असल्यामुळें ती रीत येथें जशीच्या तशी चालेल असें मी म्हणत नाहीं. तिच्यांतील बोध मात्र घेण्यासारखा आहे: ज्यांनीं पतंगाचा अभ्यास केला त्यांनीं शेताभोंवतीं गवत लावलें, ज्यांनीं केला नाहीं ते गवत जाळावयास निघाले.

आतां गुरांची बाजू. मराठवाड्यांत कापूस व सोयाबीन वाढलें तसतशी ज्वारी मागें हटली आणि कडबा दुर्मिळ झाला. अशा स्थितींत गायरानाचें गवत हा गांवच्या लहान गुराढोरांचा शेवटचा आधार उरला आहे. ज्याची दोनच शेरडें आहेत, त्याचें सगळें कुरण तेंच. मेंढरें घेऊन येणाऱ्या धनगराचा मुक्कामही तेथेंच, आणि त्या मेंढरांचें खत आपल्याच शेतांत पडतें. सन १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांना आठवतो. सन २०१२-१३ चा तर आपण सर्वांनीं भोगला. त्या वर्षीं जालना जिल्ह्यांत पाण्याची व वैरणीची जी दैना झाली, ती पाहिलेला मनुष्य उभें गवत पेटविण्याची भाषा कशी करितो, हेंच मला समजत नाहीं. शिवाय फाल्गुनांत उतार जळाला म्हणजे चार महिने जमीन उघडी पडते, आणि वळवाचा पहिला जोरदार पाऊस वरची माती नाल्यांत व तेथून गांवच्या तलावांत नेऊन टाकितो. मग गाळ काढण्यासाठीं आपणच वर्गणी गोळा करितों.

तिसरी बाजू कायद्याची. या विषयांत माझें आयुष्य गेलें असल्यामुळें दोन शब्द अधिकारानें लिहितों. निजामी अमदानींतील जुन्या दप्तरापासून, सन १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापासून, गायरानाची नोंद चालत आलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ प्रमाणें गुरचरणीसाठीं जमीन राखून ठेवितां येते, आणि अशी राखलेली जमीन कोणा एकाची नसून गांवाच्या उपयोगाची असते. सर्वोच्च न्यायालयानें दिनांक २८ जानेवारी २०११ रोजीं जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार या प्रकरणांत गांवच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणें काढून त्या गांवास परत देण्याविषयीं सर्व राज्यांना आदेश दिला. तेव्हां नांगर घालणाऱ्यानें उद्यां काय वाढून ठेवलें आहे हें आजच समजून घ्यावें.

माझ्या नोकरींत एक क्रम मीं वारंवार पाहिला. आधीं माळ जळतो, आणि तो कोणीं जाळला हें कोणालाच माहीत नसतें. दुसऱ्या वर्षीं त्याच्या कडेचे दोन-तीन तास नांगरले जातात. तिसऱ्या वर्षीं त्या तासांतील तूर पीकपाहणींत लिहून घ्यावी म्हणून मनुष्य कचेरींत येऊन बसतो. किडीचें निमित्त हें या शिडीची पहिली पायरी होऊं शकतें. सभेंतील सर्वांच्या मनांत तसें होतें असें मी म्हणत नाहीं, परंतु एकाच्या जरी मनांत असलें तरी बाकीच्यांच्या माना फुकट डोलतात. भूमिहीनांनीं पोटासाठीं पूर्वींपासून कसलेल्या गायरानाचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याविषयीं शासनाचे स्वतंत्र निर्णय आहेत. येथें मी बोलतों तें ज्यांच्यापाशीं आधींच सातबारा आहे त्यांच्याविषयीं.

मग पोंगेमरीवर करावयाचें काय? नुसता विरोध करून भागणार नाहीं. म्हणून हातून होण्यासारखे उपाय थोडक्यांत मांडतों.

पहिला उपाय धसकटांचा. ज्वारी किंवा मका निघाल्यावर खोल नांगरट करावी, उखडलेलीं धसकटें वेंचून नाहींशीं करावींत, आणि हें काम साऱ्या शिवारानें वैशाख संपण्यापूर्वीं एकदम करावें. एकट्यानें केलें तर शेजाऱ्याचा पतंग आपल्या शेतांत येतो. पतंगाला गट नंबर समजत नाहीं. कपाशीच्या बाबतींत हाच धडा सन २०१७ मध्यें गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्राला शिकविला. शेतांत व बांधावर पऱ्हाटी ठेवणाऱ्यानेंच पुढल्या वर्षीची कीड ठेवली.

दुसरा उपाय कडब्याचा. मृगापूर्वीं जितका होईल तितक्या कडब्याची कुट्टी करून टाकावी. कुट्टींत आंतली अळी चिरली जाते आणि वैरणही वायां जात नाहीं. गंजीच्या तळाचा नासलेला कडबा उकिरड्याच्या खड्ड्यांत घालून मातीनें झांकावा. तिसरा उपाय पेरणीचा. एका शिवारांतील पेरणी होईल तों एकाच आठवड्यांत व्हावी, म्हणजे किडीला एकामागून एक कोंवळें पीक मिळत नाहीं. चौथा, पेरणीनंतर दोन आठवड्यांपासून दर चार दिवसांनीं शेतांत फिरून पानांवरील भोंकांची ओळ पाहावी, आणि पोंगेमर झालेलीं रोपें उपटून पुरावींत किंवा जाळावींत. तीं जनावरांना घालूं नयेत. कोंवळ्या ज्वारीनें जनावरास विषबाधा होते हें सर्वांना ठाऊक आहेच.

पांचवा, बांधावरील बरू मृगापूर्वीं कापून टाकावा. सहावा, खोडकिड्याच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा नांवाची डोळ्यांस जेमतेम दिसणारी माशी कार्डांवर मिळते. तीं कार्डें केव्हां व किती लावावींत याविषयीं खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रांत अथवा परभणीच्या कृषि विद्यापीठांत विचारावें. औषध फवारण्याची पाळी आलीच तर तेंही तेथल्या सल्ल्यानें, आणि अळी ताटांत शिरण्यापूर्वीं. आंत गेल्यावर बाहेरून ओतलेलें औषध नुसत्या पानांवर राहतें. अळीपर्यंत पोंचत नाहीं, खर्च मात्र पदरीं पडतो.

हे सहाही उपाय आपल्या बांधाच्या आंतले आहेत. त्यांत कष्ट आहेत, आणि आगकाडी ओढण्यांत नाहींत. म्हणूनच आगकाडीची सूचना सभेला लवकर पटते, असें मला वाटतें. परंतु आपण जमीन कसणारे लोक आहोंत. ज्यानें घरचें धसकट साफ केलें नाहीं त्याला गांवचें गवत जाळण्याचा हक्क कोणीं दिला?

माझी शेतकरी बंधूंना विनंती एवढीच आहे. येत्या फाल्गुनांत चावडीवर हा विषय पुन्हां निघाला, तर निकाल देण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या शेतांतलीं दहा धसकटें उपटून आणावींत आणि सर्वांसमक्ष विळ्यानें चिरावींत. मग तशाच दहा मुठी कुसळी गायरानांतून आणून पाहाव्यात. अळी कोठें निघते तें सर्वांच्या डोळ्यांनीं ठरेल. त्या सभेला मीही माझीं धसकटें घेऊन येईन, आणि या खेपेस गप्प बसणार नाहीं.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून, नवीन जालना